बुल्टाको शेर्पा की अल्पिना? जुन्या ट्रायल्स गाडीची ओळख आणि दुरुस्ती

प्रश्न — डोंगरवाट (डर्बीशायर, इंग्लंड)

नमस्कार. येथील जुन्या मोटारसायकलींच्या ट्रायल्स स्पर्धा पाहता पाहता मलाही त्यांचे वेड लागले आहे. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ही वेगाची शर्यत नसून आखून दिलेल्या दगडधोंड्यांच्या, ओढ्यांच्या आणि चिखलाच्या वाटेवरून पाय न टेकता गाडी काढायची असते, आणि पाय टेकला की दंडाचे गुण चढतात.

अलीकडेच एका शेतकऱ्याच्या गोदामातून मी एक बुल्टाको (जुनी स्पॅनिश मोटारसायकल) घेतली. विकणाऱ्याने ती ‘शेर्पा टी 350’ असल्याचे सांगितले. हँडल ज्यात फिरते त्या नळीवरचा चासी (सांगाडा) क्रमांक B-91 ने सुरू होतो आणि तोच नोंदणीच्या कागदावर आहे. इंजिनावर मात्र M-116 ने सुरू होणारा क्रमांक आहे. टाकी आणि बैठक एकाच फायबरग्लासच्या साच्यातली आहे. किक मारल्यावर इंजिन फिरते, पण दाब कमी वाटतो. चासी आधी सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करावी आणि मग इंजिनाकडे वळावे, असा माझा विचार आहे. ही गाडी नेमकी कोणती आहे, आणि कामाचा हा क्रम योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 — नळीवरचा_नंबर (बार्सिलोना)

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच दिलेल्या क्रमांकांत आहे. बुल्टाकोच्या क्रमांकात B म्हणजे चासी आणि M म्हणजे इंजिन. त्यापुढचे आकडे मॉडेलचे आणि उरलेले त्या मॉडेलमधल्या अनुक्रमाचे असतात. कारखान्यातून बाहेर पडताना चासी आणि इंजिन यांचा क्रमांक एकच असे. मॉडेल 91 ही शेर्पा टी 350, म्हणजे 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धातली गाडी. मॉडेल 116 ही अल्पिना 350. तेव्हा आपल्याकडे शेर्पाची चासी आणि अल्पिनाचे इंजिन आहे. विकणाऱ्याने फसवलेच असे नाही, कारण या गाड्या वर्षानुवर्षे शेतांत आणि स्पर्धांत राबल्या, आणि एक इंजिन निकामी झाले की हाताशी असलेले दुसरे चढवले जाई.

अल्पिना ही शेर्पाचीच बहीण, फक्त पायवाटांवरच्या लांब भटकंतीसाठी बेतलेली, त्यामुळे फरक मुख्यतः गिअरांच्या गुणोत्तरांत जाणवतो. पहिला गिअर टाकून मागचे चाक एक पूर्ण फेरा फिरवा, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) किती फिरतो ते मोजा आणि कोणाच्या अस्सल शेर्पाशी ताडून पाहा. सिलेंडर कोणाचा आहे हेही नुसत्या क्रमांकावरून ठरवू नका. 250 आणि 350 या दोन्ही आकारांत स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 60 मिमीचाच आहे. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 72 मिमीच्या आसपास असेल तर ते 250 चे सिलेंडर, 83.2 मिमी असेल तर 326 सीसीचे, ज्याला कंपनी 350 म्हणत असे.

सँडब्लास्टिंगबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे की घाई करू नये. हे आकडे हाताने ठोकलेले, कुठे उथळ तर कुठे खोल असतात. वाळूच्या माऱ्याने त्यांच्या कडा झिजतात आणि वरून पावडरचा जाड थर बसला की उरलेली खाच बुजते. मग पुढे कोणी नोंदणी तपासायला आले तर दाखवायला काहीच राहत नाही. आधी त्या जागेचे तिरप्या उजेडात फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, आणि काम करणाऱ्याला तो भाग झाकायला सांगा. पावडरपेक्षा साधा रंग मला अधिक पसंत आहे. तडा गेलेली वेल्डिंग त्यात लवकर दिसते.

उत्तर 2 — लेथवाला (कोल्हापूर)

बुल्टाको मी हाताळलेली नाही, परंतु जावा आणि येझदीची टू-स्ट्रोक इंजिने रोज उघडतो, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकचा आजार सगळीकडे सारखाच असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील रबर कडक होऊन गेलेली असतात. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूने हवा आत शिरली की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन आपोआप वरच्या फेऱ्यांना जाते आणि अखेर पिस्टन सिलेंडरमध्ये अडकून बसते. क्लचच्या बाजूने गिअरचे ऑइल आत ओढले गेले की सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो. म्हणून इंजिन चालू होते का ते पाहण्याच्या मोहात पडू नका. आधी उघडा, सील आणि क्रँकची बेअरिंग बदला, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला खेळ आहे का ते हाताने वर-खाली करून पाहा. चासीचा रंग शेवटी आला तरी चालेल.

डोंगरवाट

मनःपूर्वक आभार. हेड काढून मोजले असता बोअर 84 मिमीपेक्षा किंचित अधिक भरले, म्हणजे 350 चेच सिलेंडर असून ते पूर्वी ओव्हरसाइझ केलेले, म्हणजे घासून मोठे केलेले दिसते. आता मूळ शेर्पाचे इंजिन शोधत बसावे की हेच ठेवावे? आणि फायबरग्लासच्या टाकीत पेट्रोल भरणे सुरक्षित आहे का?

उत्तर 3 — चोकपुल (लीड्स)

इंजिन हेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संग्रहालयात मांडण्यासाठी क्रमांक जुळणारी गाडी हवी असेल तर गोष्ट वेगळी, परंतु सुट्टे शेर्पा इंजिन या गाडीच्या क्रमांकाशी जुळणारे मिळण्याचा संभव जवळजवळ नाही, आणि न जुळणारेच बसवायचे तर चांगले चालणारे अल्पिनाचे काय वाईट? पहिला गिअर लांब वाटला तर मागे मोठे स्प्रॉकेट बसवता येते. इंजिन बदलल्याची नोंद मात्र परवाना खात्याला कळवून कागदात करून घ्या.

क्लच उघडताना एक खबरदारी घ्या. त्याच्या स्प्रिंगा वाट्यांमध्ये बसून बारीक पिनांनी अडकवलेल्या असतात. दाब सुटला की पिन उडते आणि फरशीच्या फटीत जाते. खाली जुनी चादर अंथरा. मॅग्नेटोचे फ्लायव्हील हातोडीने ठोकू नका, त्याचा पुलर (ओढून काढायचे अवजार) विकत मिळतो. फेम्सा मॅग्नेटोचे पॉइंट साफ केले तरी कंडेन्सर नवाच घाला.

टाकीबद्दल: ब्रिटनमध्ये 1973 च्या सुमारास फायबरग्लासच्या पेट्रोल टाक्यांवर बंदी आली, त्यामुळे येथील नंतरच्या गाड्यांना धातूच्या टाक्या आल्या. त्याहून मोठी अडचण आजच्या पेट्रोलची आहे. सप्टेंबर 2021 पासून पंपावरचे साधे पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) असते, आणि त्यातले इथेनॉल जुन्या फायबरग्लासमधल्या रेझिनला मऊ करते. विरघळलेला चिकट थर कार्बोरेटरमधून पुढे जाऊन पिस्टनच्या रिंगा चिकटवतो. आतून लेप देणारे पुष्कळ आहेत, पण जुन्या रेझिनवर तो किती टिकेल याची हमी कोणी देत नाही. मी अॅल्युमिनियमची टाकी बसवून मूळ साचा कोरडा जपून ठेवला असता, आणि पेट्रोल कमी इथेनॉलचे सुपर ई5 च भरले असते. नवे पिस्टन मागवण्यापूर्वी सध्याच्या पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला ओव्हरसाइझचा आकडा वाचा. सिलेंडर आणखी एकदा बोअर करण्याइतकी भिंत आणि त्या मापाचे पिस्टन उरले आहे का, हे त्यावरून आधी ठरेल.