वरच्या मजल्यावरचं जुनं ऑफिस, स्लॅब भट्टीसारखा तापतो. एसी वाढवू की गच्चीला इन्सुलेशन करू?

धंतोलीकर:
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे नागपूरला, बर्डीवर. बिल्डिंग १९८४-८५ ची, तळमजला अधिक तीन, आम्ही सगळ्यात वर. २२०० स्क्वेअर फूट, १४ माणसं बसतात. वर थेट गच्ची, त्यावर जुनं आयपीएस, म्हणजे सिमेंटचा घोटलेला थर, ते आता काळंकुट्ट झालंय आणि मधेमधे डांबराचे पॅच मारलेत. दोन टनाचे चार स्प्लिट एसी आहेत, मार्चपासून चारही चालू असतात तरी दुपारनंतर खोलीचं टेंपरेचर २९ च्या खाली येत नाही. सकाळी ११ ला ठीक असतं, खरा त्रास ४ नंतर सुरू होतो आणि ६ ला अक्षरशः डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतं, बाहेर ऊन उतरलेलं असतं तरी. लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या फायली आहेत, त्यांच्या लेबलांची चिकटपट्टी सुटून हातात येते इतकी तिथली हवा गरम. कोविडमध्ये घेतलेली टेंपरेचरची गन होती ती सरफेस मोडवर ठेवून सिलिंगवर धरली तर संध्याकाळी ५ ला ४३ दाखवते, आणि हा एप्रिल आहे, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लांब आहे.

एसीवाल्याचं म्हणणं आणखी दोन दोन-टनी लावा. पण त्यासाठी सँक्शन्ड लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला भार) वाढवावा लागेल आणि बिल आत्ताच उन्हाळ्यात झेपत नाही. माझ्या डोक्यात आहे की गच्चीवर इन्सुलेशन करून घ्यावं. कुणी जुन्या कमर्शियल बिल्डिंगमध्ये केलंय का? वरून करायचं की आतून? गच्ची सोसायटीची आहे, आमची एकट्याची नाही, हाही प्रश्न आहेच.

गारवा_सर्व्हिस:
ताई मी स्वतः एसीच्या धंद्यात आहे १७ वर्षं, आणि तरी सांगतो, आत्ता एसी घेऊ नका. तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करून दाखवतो. सिलिंग ४३, खोली २९, फरक १४ डिग्री. छताच्या खालच्या बाजूने खोलीत जी उष्णता उतरते ती एका चौरस मीटरला एका डिग्रीला साधारण ६ वॅट धरतात. तुमचं ऑफिस २०४ चौरस मीटर, म्हणजे १४ गुणिले ६ गुणिले २०४, सतरा हजार वॅटच्या वर. एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट, म्हणजे जवळपास ५ टन. तुमचे एकूण एसी ८ टनाचे, त्यातले ५ टन नुसता स्लॅब खातोय आणि उरलेल्या ३ टनात १४ माणसं, कॉम्प्युटर, भिंती, काचा सगळं भागवायचंय. कसं भागणार?

आणि ४ नंतर त्रास होतो याचं कारण तेच. ५-६ इंचाचा आरसीसी दुपारभर ऊन पिऊन घेतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडतो. तुम्ही घरी जाता तेव्हाही तो सोडतच असतो, म्हणून सकाळी ऑफिस उघडल्यावर आधी रात्रभर कोंडलेली गरम हवा बाहेर काढा आणि मग एसी लावा, हे फुकटातलं काम आजपासून सुरू करा.

अजून एक, जुन्या विंडो एसीची भोकं आहेत का भिंतीत? प्लायवूड ठोकून बंद केलेली? बहुतेक जुन्या ऑफिसात असतात. त्या प्लायच्या कडेने हात फिरवून बघा, गरम हवा लागेल. विटांनी बुजवून प्लास्टर करा, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. एसी २४ वर ठेवा, १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसर पळत राहतो. बीईई (केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था) सांगते की एक डिग्री वर ठेवली तर साधारण ६ टक्के वीज वाचते.

गच्ची_मिस्त्री_पुणे:
वरच्या भावाचा हिशोब बरोबर आहे. आता सिव्हिलच्या बाजूने सांगतो, २२ वर्षं वॉटरप्रूफिंगच करतोय.

सगळ्यात आधी एक विचारतो, पावसाळ्यात स्लॅब गळतो का? डांबराचे पॅच आहेत म्हणताय म्हणजे कधीतरी गळलाय. गळक्या स्लॅबवर इन्सुलेशन टाकणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी बांधण्यासारखं आहे, पाणी आत अडकतं, सळई गंजते, फुगते आणि खालून पोपडे पडायला लागतात, आणि ते कुठून येतंय हे नंतर शोधताही येत नाही. आधी पाणी, मग ऊन. हा क्रम मोडू नका, कोण काय वाट्टेल ते सांगो. ४० वर्षांची बिल्डिंग आहे तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का तेही सेक्रेटरीला विचारा, नसेल तर आधी ते.

वरून की आतून, तर जमत असेल तर वरून. वरून केलं की स्लॅबच सावलीत जातो, दिवसा तापून रात्री आकसण्याचा खेळ थांबतो त्यामुळे नवे तडे कमी पडतात. आतून केलं तर खोली गार होते पण स्लॅब तापतच राहतो, उलट थोडा जास्तच.

पद्धत अशी. जुनं आयपीएस सुटलेलं असेल तर काढायचं, उताराची दुरुस्ती, कठड्याच्या कडेला गोल वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई), मग वॉटरप्रूफिंगचा कोट, मग ४८ तास पाणी भरून टेस्ट. खाली एकही ओला डाग नाही हे डोळ्यांनी बघितल्यावरच त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (घट्ट फोमचे) बोर्ड, वर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि त्यावर स्क्रीड (सिमेंटचा थर) किंवा पांढऱ्या टाइल. म्हणजे वॉटरप्रूफिंग खाली, इन्सुलेशन वर. त्यामुळे वॉटरप्रूफिंगलाही ऊन लागत नाही, ते जास्त वर्षं टिकतं. इथे साधा थर्माकोल चालत नाही, तो पाणी धरतो. एक्सपीएस जवळजवळ धरत नाही, घेताना बघून घ्या, कापल्यावर मणी मणी दिसले तर तो थर्माकोलच.

यू-व्हॅल्यूच्या (छतातून किती उष्णता आत येते तो आकडा, कमी तेवढा चांगला) भाषेत सांगायचं तर तुमचा उघडा स्लॅब ३.३ च्या आसपास आहे, ५० मिमी एक्सपीएसने तो साधारण ०.५ वर येतो. नव्या मोठ्या कमर्शियल बिल्डिंगसाठी २०१७ ला ईसीबीसी हा ऊर्जाबचतीचा कोड आला त्यात ०.३३ मागितलं होतं, त्याला ८० मिमी लागेल. तुमच्या जुन्या बिल्डिंगला तो लागू नाही, पण बरोबर काय आहे हे त्यावरून कळतं. पहिल्या दोन इंचांनी जो फरक पडतो तेवढा पुढच्या इंचाने पडत नाही, म्हणून ५० वर थांबलात तरी चालेल.

वजनाचं मात्र बघा. बोर्डाला वजन नाही, चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही, पण वरच्या दोन इंच स्क्रीडचं शंभर किलोच्या आसपास जातं. कुणी मिस्त्री "ताई वर साडेचार इंच कोबा घालू, त्यानेही गार होतं" म्हणाला तर हात जोडा. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, तो चौरस मीटरला २०० किलोच्या पुढे जातो आणि उष्णता अडवायला विटेचे तुकडे फारसे कामाचे नाहीत.

सोलापूरची_दुपार:
एवढा खर्च करायच्या आधी पांढरा रंग मारून बघा की राव. आमच्या गोडाऊनच्या गच्चीवर दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारतो, लहानपणापासून बघत आलोय. काळी गच्ची ऊन पिते, पांढरी परत पाठवते, साधी गोष्ट आहे. तेलंगणाने तर २०२३ ला कूल रूफची (ऊन परत पाठवणाऱ्या छताची) पॉलिसीच आणली. आता तयार कूल रूफ कोटिंग मिळतात ती चुन्यापेक्षा जास्त टिकतात, फक्त धूळ बसली की गुण जातो, महिन्यातून एकदा झाडू-पाणी लागतंच.

ठाण्याचा_सेक्रेटरी:
मी एका कमर्शियल प्रिमायसेस सोसायटीत सहा वर्षं सेक्रेटरी आहे म्हणून पैशांचं आणि परवानगीचं बोलतो, कारण अशी कामं तिथेच अडतात.

आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या चार गाळेधारकांनी हाच अर्ज दिला होता. खालचे म्हणाले एसीचं बिल तुमचं वाचणार मग आम्ही वर्गणी का द्यायची, आणि त्यांचंही चूक नव्हतं. दोन जनरल बॉडी यातच गेल्या. शेवटी तोडगा असा निघाला की वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या रिपेअर फंडातून कारण गच्ची सगळ्यांची आणि गळती हा सगळ्यांचा प्रश्न, आणि त्यावरच्या इन्सुलेशन बोर्डाचा जो जादा खर्च तो वरच्या चौघांनी स्क्वेअर फुटावर वाटून घेतला. ठरावात स्पष्ट लिहून घेतलं की गच्चीवर कुणाचा जादा हक्क तयार होत नाही. तुम्हीही तसंच लेखी घ्या, तोंडी नको.

आणि ताई, हिशोब स्वतः मांडा. नुसत्या वीजबिलावर पूर्ण इन्सुलेशनचा खर्च लवकर वसूल होत नाही हे आमच्या अनुभवावरून सांगतो, आठ-दहा वर्षं धरून चाला. पण वॉटरप्रूफिंग तसंही करायचंच असेल तर मजुरी, मलबा उतरवणं, पाणी-टेस्ट हा सगळा खर्च होणारच असतो, तेव्हा फक्त बोर्डाचे पैसे मोजायचे आणि मग तीन-चार वर्षांत निघतात. शिवाय दोन एसी घ्यावे लागले नाहीत, लोड वाढवावा लागला नाही, तेही त्यात धरा. रंगाचे पैसे मात्र दोन उन्हाळ्यांत निघतात.

तुम्ही भाड्याने असाल तर गणित वेगळं, मालक खर्च करत नाही कारण बिल तो भरत नाही, आणि भाडेकरू करत नाही कारण जागा त्याची नाही. आमच्या बिल्डिंगमधले अर्धे गाळे याच कारणाने अजून तसेच तापताहेत.

धंतोलीकर:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. जागा आमची स्वतःची आहे, बाबांनी १९९१ ला घेतली. गळतं, हो, जिन्याच्या बाजूच्या कोपऱ्यात दर ऑगस्टला बादली ठेवतो.

सोलापूरच्या दादांचं वाचून रविवारी माझ्या केबिनच्या बरोबर वर १० बाय १० फुटांचा चौकोन चुना-फेविकॉलने पांढरा करून घेतला. काल संध्याकाळी ५ ला गन धरली, केबिनचं सिलिंग ३७ आणि हॉलचं ४३. मी तीन वेळा परत परत मोजलं. आमच्याकडे शिपाई काका आहेत २५ वर्षांपासून, त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, ते चहा घेऊन आले आणि म्हणाले आज इथे डोकं तापत नाही.

विंडो एसीची भोकंही निघाली, तीन. एकाच्या प्लायमागे कबुतराचं जुनं घरटं होतं.

आता एक शंका. अर्ध्या ऑफिसला ग्रिडचं फॉल्स सिलिंग आहे. एकाने सुचवलं की सोसायटीच्या नादी न लागता त्या टाइलवर थर्माकोलचे शीट टाकून द्या, तीस-चाळीस हजारात काम होईल. चालेल का?

वायरमन_अमरावती:
ताई हे अजिबात करू नका, कळकळीने सांगतो. १९८५ च्या बिल्डिंगमध्ये त्या फॉल्स सिलिंगच्या वर काय वायरिंग आहे ते एकदा टाइल उचलून बघा. मी बघतो रोज. टेप गुंडाळलेले जॉइंट, उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन, लाइटचे जुने चोक तसेच लोंबत ठेवलेले. तिथे थर्माकोल ठेवला तर एका ठिणगीला पेट घेतो, वितळून जळतं टपकतं आणि धूर असा काळा होतो की माणसाला दार सापडत नाही. एका दुकानात शॉर्ट सर्किट झालं तेव्हा मी स्वतः मेन पाडायला धावलो होतो, आग छोटीच होती पण धुराने आम्हाला बाहेर काढलं. माणसं वाचली हे नशीब.

आतूनच करायची वेळ आली तर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घ्या, ते जळत नाही. पण आधी वायरिंग बदलून पाइपमध्ये घाला, लाइटच्या डोक्यावर मोकळी जागा सोडा, आणि रॉकवूल टाइलवर नुसतं पसरू नका, स्लॅबच्या खालच्या बाजूला बसवा, नाहीतर टाइलच्या वरची पोकळी भट्टीच राहते. काम करताना हात झाकून आणि मास्क लावून, फार खाजतं.

गच्ची_मिस्त्री_पुणे:
वायरमन भाऊंशी शंभर टक्के सहमत. आणि ताई, तो ऑगस्टचा कोपरा आणि हे ३७-४३ चे फोटो तारखेसकट ठेवा, जनरल बॉडीत हेच उपयोगी पडतील.

माझा सल्ला, या वर्षी सगळं करायला जाऊ नका. मे संपत आला की कामगार मिळत नाहीत आणि पाऊस डोक्यावर येतो, घाईतलं वॉटरप्रूफिंग गळणारच. आत्ता पूर्ण गच्चीला पांढरा कोट द्या, भोकं बुजवा, पन्हाळी साफ करा. दिवाळीनंतर स्लॅब पूर्ण सुकलेला असतो, नागपूरला तेव्हा हवाही कोरडी, तेव्हा वॉटरप्रूफिंग आणि बोर्ड एका दमात करा. एक लक्षात ठेवा, पांढरं केल्यावर बोर्डाचा फायदा थोडा कमी होतो कारण ऊन आधीच परत गेलेलं असतं, त्यामुळे येत्या जूनपर्यंतची बिलं आणि गनचे आकडे बघून मग ठरवा ५० मिमी घ्यायचं की ३० वर भागतंय.

भिंतींना काही करू नका. पश्चिमेच्या खिडक्या असतील तर बाहेरून सावली करा, छज्जा किंवा बांबूची चटई. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो.

धंतोलीकर:
पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या आहेत, छज्जा जेमतेम दीड फूट. वाळ्याच्या ताट्या बाहेरून बांधून घेते, आजीच्या घरी असायच्या. सेक्रेटरी काकांना काल भेटले, वर आले, पांढऱ्या चौकोनावर आणि काळ्या भागावर एकेक हात ठेवला आणि काळ्यावरचा लगेच उचलला. म्हणाले चुन्याला मीटिंग कशाला हवी, शनिवारी माणसं लावा, अर्ज आणि कोटेशन जुलैच्या मीटिंगसाठी द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या गाळ्यात डेंटिस्ट आहेत, ते अर्धा खर्च द्यायला तयार आहेत.

एसीवाल्याला "नवे एसी नकोत" असं कळवलंय. मे मधले आकडे इथेच टाकते.