कल्पित जग चौकटीत कसं उभं राहतं? फँटसी वेबकॉमिक्सचा अनुभव धागा

पानवाचक

फँटसी वेबकॉमिक्सचा (म्हणजे इंटरनेटवर वाचायच्या कल्पित जगांच्या चित्रकथांचा) विषय निघाला की गाडी "काय चित्रं आहेत!" इथे येऊन थांबते. या धाग्यात त्याच्या पुढचं लिहूया. ते जग खरं वाटायला नेमकं काय कारण झालं ते सांगा. स्वतः काढत असाल तर मापं, रंग आणि काम कुठे फसतं तेही येऊ द्या.

सुरुवात 'अनसाउंडेड'पासून करते. अ‍ॅशली कोपने हे २०१० मध्ये सुरू केलं. यातल्या जादूला हिशेब आहे. एका वस्तूचा गुण, उदाहरणार्थ उष्णता किंवा कठीणपणा, उचलून दुसरीला द्यायचा. शून्यातून काही मिळत नाही. त्यामुळे मारामारीचं पान आलं की आधी माणसं सोडून आजूबाजूचं सामान बघायचं. इथला प्रत्येक दगड, प्रत्येक भांडं म्हणजे दारूगोळा असतो. कुणाचा हात तापला तर शेजारचं काय गार पडलं, हे शोधत वाचलं की पार्श्वभूमीतली एकही रेघ फुकट वाटत नाही. ऑल्डरोड देशात केसांच्या रंगावरून माणसाची जात कळते, म्हणजे गर्दीचं चित्रसुद्धा वाचता येतं.

एक सूचना: हे मोठ्या पडद्यावरच वाचा. मोक्याच्या जागी चित्र पानाची कड ओलांडून संकेतस्थळाच्या पार्श्वभूमीवर पसरतं. मोबाइलवर ती मजाच जाते.

काळीशाई

'डिगर'चं नाव इथे यायलाच हवं. अर्सुला व्हर्ननचं हे कॉमिक २०११ मध्ये पूर्ण झालं आणि २०१२ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीसाठीचा पुरस्कार मिळाला. नायिका एक वॉम्बॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियातला बिळं खणणारा प्राणी. बोगदे खणणं हा तिचा धंदा, आणि देव-जादू हे प्रकार तिच्या जमातीला अजिबात पसंत नाहीत. ती वाट चुकून बाहेर येते ती थेट गणपतीच्या देवळात, आणि तिथली मूर्ती तिच्याशी बोलते! मराठी वाचकाला हा गणपती परका वाटत नाही. तो शांत आहे, चौकस आहे, आणि पाहुणीला आधी नीट ऐकून घेतो.

सगळं काम काळ्या-पांढऱ्यात. रंग नसले की अंतर आणि प्रकाश दोन्ही रेघेलाच दाखवावे लागतात. जवळच्या वस्तूची बाह्यरेघ जाड, लांबची बारीक. दगडाचा पोत सगळीकडे सारखा भरायचा नाही, उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथेच दाट करायचा. सगळीकडे भरला की भिंत आणि पात्र एकमेकांत मिसळतात. नवशिक्यांची काळी-पांढरी पानं बहुतेक वेळा इथेच बिघडतात.

दुसरी चूक ठिपक्यांच्या करड्या छटांची. मोठ्या मापात ठिपके भरून मग पान लहान केलं की ठिपके आणि पडद्याचे पिक्सेल जुळत नाहीत आणि नको असलेले पट्टे उमटतात. म्हणून वेबसाठीची प्रत आधी अंतिम मापात आणा, ठिपके त्यानंतर भरा. किंवा सरळ सपाट करडा रंग वापरा.

रंगपेटी

काळीशाई, तुमचा मुद्दा रंगीत पानालाही लागू आहे. पान करड्या छटांत बदलून बघा. पात्र, मधला भाग आणि लांबचा भाग असे तीन ढोबळ गट वेगळे दिसले तर पान उभं आहे. सगळं एकाच करड्यात गेलं तर वर कितीही रंग चढवा, उपयोग नाही. 'किल सिक्स बिलियन डेमन्स'मधली थ्रोन नगरीची पानं अशी तपासण्यासारखी आहेत. शेकडो आकृत्या, शिड्या, कमानी, देवळं, आणि तरी नजर हवी तिथेच जाते. डोळे किलकिले करा, तपशील विरघळतो आणि मांडणी उरते. (यातल्या एका बलाढ्य सत्ताधीशाचं नाव जॅगॅनॉथ. आपला जगन्नाथ इंग्रजीत 'जगरनॉट' होऊन आडवं येईल ते चिरडणारी शक्ती बनला, तो सगळा प्रवास त्या नावात आहे.)

उलट टोक बघायचं तर 'स्टँड स्टिल, स्टे सायलेंट'. मिना सुंडबर्गने २०१३ ते २०२२ या काळात केलेलं. महामारीनंतर नव्वद वर्षांनी उरलेला उत्तर युरोप, बर्फ, ओसाड गावं. रंग मुद्दाम मोजके ठेवलेले, निळसर करडे आणि थोडे उबदार. त्यामुळे खिडकीतला एक पिवळा दिवासुद्धा माणसांची चाहूल देतो. स्वतः करताना एका प्रसंगाला पाच-सहा मुख्य रंग पुरे. सावलीसाठी सरसकट काळा मिसळू नका, रंग मळतो. 'मल्टिप्लाय' थरावर (खालचा रंग गडद करणाऱ्या लेयरवर) फिकट निळा-जांभळा घ्या आणि थराची तीव्रता ४० ते ६० टक्क्यांत फिरवून बघा.

नकाशावेडी

'स्टँड स्टिल'मधली भाषासुद्धा चित्रात आहे. लल्ली या पात्राला फक्त फिनिश येतं, बाकीचे काय बोलतात ते त्याला कळत नाही, सोबतच्या तुरीला दुभाषी व्हावं लागतं. गाजलेलं ते भाषावृक्षाचं चित्र, इंडो-युरोपीय आणि युराली अशी दोन झाडं, याच कॉमिकमधलं. फिनिश शेजारच्या स्वीडिशपासून इतकी दूर का, हे कथेला हवंच होतं, म्हणून ते झाड तिथे आहे. नकाशा किंवा तक्ता आला की हेच विचारावं: कथेत कुणाचं काही यावाचून अडतं का?

एकथर

आतलं काम बघायचं असेल तर 'पेपर अँड कॅरट' उघडा. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार २०१४ पासून हे क्रिता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढतो आणि मूळ फाइली सगळ्यांसाठी खुल्या ठेवतो. परवाना असा की श्रेय दिलं तर भाषांतर करा, बदला, छापा, विकासुद्धा.

करायचं असं: एका भागाची मूळ फाइल उतरवून क्रितात उघडा (जड असते, बाकीचे प्रोग्राम बंद ठेवा). थर एकेक बंद करत जा आणि काय नाहीसं झालं ते बघा. मग चित्र २०० टक्के मोठं करून झाडी बघा. ब्रशच्या चार फटकाऱ्यांत पानं सुचवलेली असतात, काढलेली नसतात. मग मूळ मापावर या. कुठे तपशील भरायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे मला वाटतं याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. संवाद वेगळ्या एसव्हीजी फाइलीत असतात, त्या इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. चित्राला हात न लावता मराठी करता येतं.

उभीपट्टी

मोबाइलवरच्या उभ्या स्क्रोलबद्दल. चित्राची रुंदी ८०० पिक्सेल, आणि लांब पट्टी १२८० पिक्सेल उंचीच्या तुकड्यांत कापायची, हे वेबटून या कॉमिक्सच्या संकेतस्थळावर चढवण्याचं नेहमीचं माप. इथे पान उलटणं नाही, म्हणून वेळ मोकळ्या जागेत मोजायचा. एकाच क्षणातल्या दोन चौकटींत १५० ते २०० पिक्सेल, प्रसंग बदलताना ६०० च्या पुढे. सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की कथा एकसुरी होते. आणि कापताना तुकड्याची कड संवादाच्या फुग्यावर किंवा चेहऱ्यावर येऊ देऊ नका. नेट मंद असलं की अर्धा चेहराच दिसत राहतो.

बारीक लाल किंवा निळी जादूची रेघ जेपेगमध्ये फुटते, कारण ते स्वरूप रंगाची माहिती उजेड-अंधारापेक्षा कमी बारकाईने साठवतं. अशी पानं पीएनजीत ठेवा.

अक्षरजुळणी

एकथर म्हणाले तसं मराठी करायला कुणी बसणार असेल तर हे आधी वाचा.

इंग्रजी फुग्यात मराठी मजकूर तसाच ओतला की वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींवर आदळतात. ओळींमधलं अंतर अक्षरमापाच्या १.३ ते १.५ पट हवं. इंग्रजी कॉमिकची अक्षरं बहुधा सगळी मोठ्या लिपीतली (कॅपिटल), त्यांना ना वर काही ना खाली, म्हणून ते फुगे उंचीला कमी पडतात. फुगा वाढवा, अक्षर बारीक करू नका.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेघ तुटते. जोर देण्यासाठी अक्षर तिरपं करू नका, त्याच टंकाचा (फाँटचा) ठळक प्रकार घ्या. मुक्ता आणि बालू हे 'एक टाइप' या संस्थेचे मोफत टंक अनेक वजनांत (बारीक ते ठळक) मिळतात. हस्ताक्षराचा भास हवा तर 'कलम' हा टंक. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही.

आवाजाचे शब्द मात्र हातानेच काढा. 'धडाम्'ची शिरोरेघ तडकलेली काढता येते, 'सर्रर्र'ची लांबवत चौकटीबाहेर नेता येते. ही सोय रोमन लिपीला नाही, आणि आपण ती फारच कमी वापरतो.

पानवाचक

अक्षरजुळणी, शिरोरेघेचं हे वाचून जुनी पानं पुन्हा काढून बघावीशी वाटतायत. छपाईबद्दल कुणी सांगेल का?

छापखाना

थोडक्यात सांगतो. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर जेमतेम पावणेसात सेंटिमीटर भरतं. म्हणून मूळ पान सुरुवातीपासून छपाईच्या मापातच काढा आणि वेबसाठी लहान करा, उलटं होत नाही. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवा.

फँटसीवाल्यांना सगळ्यात जास्त रडवते ती चकाकणारी जादू. पडद्यावरचा झगझगीत हिरवा-निळा हा प्रकाश असतो, चार शाईंच्या मिश्रणात तो बसतच नाही, मळकट होऊन येतो. उपाय शेजारच्या रंगात आहे. भोवतालचं सगळं दोन पायऱ्या गडद करा आणि त्याचा भडकपणा कमी करा, मंत्राच्या ठिणगीचा मधला भाग कोरा कागद सोडा, कडेला फक्त शुद्ध सायन (छपाईची निळी शाई) ठेवा. मोठी प्रत काढण्याआधी त्याच कागदावर एक पान छापून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा.