मदत हवी आहे: आईच्या फुप्फुसाचं दुर्बिणीतून ऑपरेशन
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची आहे. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पावणेदोन सेंटीमीटरची गाठ आहे आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून करू, पण पूर्ण लोब, म्हणजे फुप्फुसाचा तो मोठा कप्पाच, काढू. तेव्हापासून मी रात्री जागून वाचतेय.

दुर्बिणीबद्दल शंका नाही. ब्रिटनमधल्या ‘व्हायोलेट’ चाचणीत ५०३ रुग्ण होते. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांपेक्षा दुर्बिणीवाले पाच आठवड्यांनी हिंडण्याफिरण्यात सरस ठरले. अडलेय ते लोबपाशी. जपानच्या ११०६ रुग्णांच्या चाचणीत, दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, फक्त सेगमेंट (लोबचा छोटा भाग) काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१. पण त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत जवळपास दुप्पट, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के. हा आकडा वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

शिवाय आईला तरुणपणी टीबी झाला होता. त्यामुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असेल, तर मध्येच छाती उघडावी लागते म्हणे. आपल्याकडे असे रुग्ण कितीतरी असतील, म्हणून विचारते: जुना टीबी असूनही दुर्बिणीतून ऑपरेशन पार पडलेलं कुणाच्या घरी आहे का? सेगमेंट की लोब, हे कशावरून ठरलं? दम किती दिवसांनी परत आला? मुंबई-पुण्यात दुसरं मत घेताना सीटी आणि पेट स्कॅनसोबत फुंकणीची (फुप्फुसाची ताकद मोजणारी) टेस्टही न्यावी का?

इथे कुणी छातीचे सर्जन किंवा भूलतज्ज्ञ असतील तर कृपया लिहा. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.