नागपूरजवळच्या वाडीत बिऱ्हाड करायचं आहे, खोली कुठे पाहावी?

वरोऱ्याची सून
नमस्कार. ह्यांना खडगाव रोडवरच्या एका गोदामात सुपरवायझरचं काम लागलं आहे. पोळा झाला की निघायचं. मुलगी दुसरीत आहे. नागपूर म्हणजे दवाखाना आणि दीक्षाभूमी, एवढंच आम्ही पाहिलेलं. एक जण म्हणतात लोकमान्य नगरला खोली घ्या, मेट्रो आहे. दुसरे म्हणतात वाडीतच राहा. मला शिवण येतं, बारावी झाली आहे. माझ्याही हाताला काही काम मिळेल का?

हिंगणा रोडवाला
मेट्रो लोकमान्य नगरला संपते, वाडीत येत नाही. शहरात बर्डीला रोज जाणाऱ्याला ठीक. तुमच्या ह्यांना तिचा काय उपयोग?

डबेवाली काकू
पोरी, मी एकवीस वर्षं झाली दत्तवाडीत डबे करून राहिली, म्हणून सांगते. खोली गोदामाच्या जवळच घे. ड्युटी कागदावर सहाला सुटते, पण ट्रक खाली झाल्याशिवाय सुपरवायझर हलत नाही. माझे तीन डबे रोज रात्री साडेनऊला परत गरम होतात, तिघंही सुपरवायझरच. त्यात तू पोळ्यानंतर येतेस, म्हणजे दिवाळीच्या मालाचे दिवस. दोन महिने नवरा फक्त झोपायला घरी येईल, आताच सांगून ठेवते.

आधी असं नव्हतं. माझं पहिलं गिऱ्हाईक डिफेन्सचं. अंबाझरीची आयुध निर्माणी १९६६ ची, पण इथे तिला सगळे डिफेन्सच म्हणतात. क्वार्टरवाले एरवी डबा घ्यायचे नाहीत, बायको माहेरी गेली की बरोबर दारात उभे! २०२१ च्या ऑक्टोबरात कारखाना सरकारी खात्यातून यंत्र इंडिया कंपनीत गेला, तेव्हा माझ्या ओट्यावर आठ दिवस पेन्शनीशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. आता डबे जास्त करून गोदामवाल्यांचेच.

खोली पाहायला दुपारी नको येऊ, सकाळी सहाला ये. नळ किती वेळ असतो ते घरमालक खरं सांगत नाही. शेजारच्यांच्या दारासमोरचे ड्रम मोज, समजून जाईल. टिनाची खोली आता पावसाळ्यात बरी वाटते आणि भाडंही कमी, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कुलरशिवाय निभत नाही, आणि कुलर दिवसाला तीन-चार बकेटा पाणी पितो. स्लॅबचीच पाहा.

शिवणाची मशीन सोबत आण. फॉल-पिको बारा महिने चालतं. गोदामात बायकांना पॅकिंगला, लेबल लावायला घेतात, पण ठेकेदारामार्फत. माझ्या भाचीचा पीएफ एका ठेकेदारानं आठ महिने कापला, भरला एक रुपया नाही. तर पहिला पगार हातात पडला की पीएफ खात्याचा यूएएन नंबर माग आणि मोबाईलवर पासबुक पाहा. पगार २१,००० च्या आत असला तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचंही कार्ड माग. त्याचा आपल्या पगारातून पाऊणच टक्का जातो, बाकी मालक भरतो. कार्ड नसेल तर दुखण्याखुपण्याला आपलाच खिसा.

आठव्या मैलाचा भाऊ
काकूनं बरोबर सांगितलं. मी माथाडी होतो, आता गुडघे गेले. पोत्याचं वजन मी विसरलो, गुडघे नाही विसरले. एकच जोडतो बाप्पा, पोरीची शाळा अमरावती रोडच्या ज्या बाजूला, खोली त्याच बाजूला पाहा. शाळेच्या वेळेला ट्रकांची रांग असते, लहान पोराला रोड ओलांडू देण्यासारखं नाही. आमच्या इकडे खोल्या स्वस्त आहेत, पण शाळेत पोचवायला-आणायला तुमचा अर्धा दिवस जाईल. मग शिवणार कधी?

वरोऱ्याची सून
शाळेचं डोक्यातच आलं नव्हतं, भाऊ. आधी शाळा पाहतो, मग खोली. येत्या रविवारी पहाटेच्या गाडीनं निघतो. ड्रम मोजतो, काकू. दुपारी तुमच्याकडे दोन डबे मिळतील का?

डबेवाली काकू
रविवारी डबा बंद असतो. घरी ये, पोहे करते. पोरीच्या प्लेटीत तर्री नाही टाकणार, तुझ्या ह्यांना विचारून टाकीन.