आइसलँड रिंग रोड: मुक्काम आधी, गाडी नंतर

सप्टेंबरअखेरीस सहा दिवसांत आइसलँडला वळसा घालणारा अख्खा रिंग रोड आणि राहायचं तिथे पोचल्यावर बघू, हा तुमचा बेत वाचून राहवलं नाही. रस्ता साधारण १,३२० किलोमीटरच आहे, पण दर अर्ध्या तासाला थांबावंसं वाटतं. सहाच दिवस असतील तर दक्षिण किनारा करून परत फिरा. उत्तरेसाठी नऊ-दहा दिवस हवेत.

खरी अडचण आहे दक्षिण किनाऱ्यावरचं वीक ते आग्नेयेचं होफ्न या दोन गावांमधल्या सुमारे २७० किलोमीटरच्या टप्प्यात. मधे गावं अगदी तुरळक, त्यामुळे खोल्या मोजक्या आणि लवकर भरतात. तिथलं बुकिंग सगळ्यात आधी करा, बाकीचे दिवस त्याभोवती बसवा. स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस मिळालं तर सोडू नका. बाहेरचं जेवण फार महाग पडतं. वीकच्या आधी लागणाऱ्या सेल्फोस गावातल्या 'बोनस' सुपरमार्केटमध्ये किराणा भरून घ्या.

रिंग रोडला त्या दिवसांत साधी गाडी चालते. 'एफ' क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यांवर मात्र फोर-व्हील-ड्राइव्हच लागते, तसा नियमच आहे. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर, खडीवर ८०. वाऱ्याला हलक्यात घेऊ नका! दार उघडताना हाताने घट्ट धरा. वाऱ्याने दार उलटं वाकलं तर ते नुकसान बहुतेक विम्यात बसत नाही. बऱ्याच पेट्रोलपंपांवर माणूस नसतो, म्हणून कार्डाचा पिन पाठ हवा. रोज सकाळी निघण्याआधी 'उमफेर्दिन' (umferdin.is) या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा. रस्ता बंद दिसला तर मुक्काम वाढवा, पण निघू नका.