'मनोरुग्ण' आणि 'मनोविकल' : बंद्याच्या अर्जात कोणता शब्द?

मुठाकाठ : येरवडा कारागृहातल्या एका न्यायबंद्यासाठी (खटला चालू असलेल्या बंद्यासाठी) मराठीत अर्ज लिहायचा आहे. मनोरुग्ण, मनोविकल, वेडसर यांतला कोणता शब्द योग्य?

टाचण : गल्लत झाली तर बंद्याचंच नुकसान होतं. 'मनोरुग्ण' हे निदान; ते डॉक्टर करतात. 'मनोविकल' कोण, हे न्यायालय ठरवतं: गुन्ह्याच्या वेळी कृत्याचं भान नव्हतं (भारतीय न्याय संहिता, कलम २२) किंवा आज स्वतःचा बचाव करण्याची कुवत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६७ पासून पुढे). मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ३ स्पष्ट सांगतं की नुसत्या आजारामुळे कुणी मनोविकल ठरत नाही. मागणी औषधोपचाराची असेल तर 'मनोविकल' लिहू नका. तसं लिहिलं तर बचावाच्या कुवतीचा मुद्दा निघतो, खटला थांबू शकतो आणि माणूस आतच राहू शकतो.

दौत : 'वेडसर इसम' ही पंचनाम्याची भाषा, तिने काहीच कळत नाही. त्याऐवजी दिसलं ते तारखेसह लिहा: झोपत नाही, जेवण नाकारतो, कानात आवाज येतात म्हणतो. जुने केसपेपर जोडा. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी घेतली, हे हवंच. अटकेनंतर औषध तुटतं तेच सर्वांत घातक. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) अचानक बंद झालं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

मुठाकाठ : आणि 'मतिमंद'?

टाचण : तो वेगळा विषय. बौद्धिक अक्षमता मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत नाही, ती दिव्यांग हक्कांच्या कायद्यात येते. दारू किंवा अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकार मात्र व्याख्येत आहेत. व्यसनी म्हणून उपचार नाकारले जात असतील तर हे अर्जात ठळक लिहा.

दौत : अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे द्या, प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे कारागृहात मानसोपचार कक्ष नसेल तर बंद्याला बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवता येतं, पण याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी लागते. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय जवळच आहे म्हणून ही पायरी टळत नाही. न्यायालयाचा दाखल करण्याचा आदेश असेल तर तोच पुरेसा. शिवाय कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी मंडळाला कळवावं लागतं की आत मनोरुग्ण बंदी नाहीत. तुमच्या अर्जाची पोच असेल, तर तसा दाखला देणं सोपं राहत नाही.

टाचण : वकील परवडत नसेल तर याच कायद्याच्या कलम २७ खाली मोफत विधी सेवा मिळते, आणि हा हक्क बंद्याला सांगणं कारागृहाच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.