सांगलीच्या नाटकातला खून सोडवायला होम्स कशाला?

कृष्णाकाठ: होम्स-वॉटसन लंडनच्या लायसियम थिएटरात खुनाचा तपास करतात अशी एक इंग्रजी कादंबरी संपवली, कॉनन डॉयलची नव्हे, आताच्या कुणीतरी त्याच्या ढंगात लिहिलेली. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मित्रमंडळींत लगेच सुरू झालं की होम्सला सांगलीत आणून मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांच्या नाटकाभोवती अशीच मराठीत पाहिजे, त्याला माझा विरोध. 1843 ला भावेंचं 'सीतास्वयंवर' इथं झालं आणि तपासाला माणूस बेकर स्ट्रीटवरनं मागवायचा? लायसियममध्ये तो घरचाच आहे, 'साइन ऑफ फोर'मध्ये डॉयलनंच त्याला त्या थिएटरबाहेरच्या तिसऱ्या खांबापाशी नेलंय. इथं त्याचा काय संबंध?

हरिपूरचा पाव्हणा: संबंध जोडता येतो की. 1891 ते 94 होम्स गायब होता, तिबेट, पर्शिया, मक्का फिरून आलो म्हणतो. तिबेटला जाणारा मिरजेला उतरला तर काय आभाळ कोसळतंय? आणि उसनं म्हणून नाक मुरडायचं तर आमच्या हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं काय करायचं? 'झुंजारराव' म्हणजे 'ऑथेल्लो', 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलियरकडं जातं. त्यातल्या फाल्गुनरावाला कुणी फ्रेंच म्हणतं का?

कृष्णाकाठ: अहो हा तर माझाच मुद्दा. देवलांनी नाव, गाव, बोली सगळं मोडून आपलं केलं. तुम्हाला होम्स होम्सच पाहिजे, पाईप, व्हायोलिन, वॉटसनचं निवेदन सगळं सकट. मग दर पानावर वॉटसनला समजावत बसा, हे गणपतीस्तवन, ही मोरावरची सरस्वती, हा विदूषक. सांगलीकरालाच सांगली टुरिस्टासारखी दाखवायची.

तिसरी घंटा: दोघंही डिटेक्टिव्हवरच अडकलाय, थिएटरचं बोला की. नुसते विंग आणि मेकअप रूम टाकून भागत नाही, खून त्या नाटकाच्या पद्धतीमुळंच झाला पाहिजे. लायसियमला लिहिलेली संहिता, प्रॉम्प्टर, नटानं एक वाक्य गाळलं की तोच पुरावा. भावेंच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी मनानं बोलायची, गाळलं काय नि चुकलं काय, कुणाला कळणार? उलट राक्षसांची सोंगं घेतलेली राक्षसपार्टी अलल्ल डुर्र करत तलवारी फिरवत घुसली की त्या गोंगाटात आत कुणी किंचाळलं तरी लोकांना खेळातलंच वाटेल. हा प्लॉट लंडनला होतच नाही. आणि सोडवायला सूत्रधारच बरा, कोण कुठल्या बाजूनं आत गेलं ते सगळं त्याच्या डोळ्यासमोर. बाकी होम्स 91 नंतर येणार म्हणजे तोवर किर्लोस्करांचं नव्या धर्तीचं संगीत 'शाकुंतल' येऊन दहा वर्षं उलटलेली, तुमचे राक्षस जुने झालेले.

हरिपूरचा पाव्हणा: एखादी मंडळी अजून जुनाच खेळ लावतेय असं लिहायला एक ओळ पुरते. सूत्रधार भारी आहे, पण तो गातोय ना, बघणार कधी? आणि तोच खुनी नसेल कशावरनं 😄 होम्स हवा तो परका म्हणूनच. पाच राक्षस आत आले नि चारच बाहेर पडले, हे रोज बघणारा मोजत नाही, पहिल्यांदा बघणारा मोजतो.

कृष्णाकाठ: मोजत नाही? इथल्या नाट्यमंदिरात गायक जरा बेसूर झाला तरी पुढच्या रांगेतनं च्यक् ऐकू येतं, राक्षस मोजायला लंडनचा माणूस कशाला. हट्टच असेल तर आणा, पण रात्रभर चाललेली ती मराठी पदं त्याला कळली कशी, ते पहिल्याच प्रकरणात लिहा.